रायाजीराजांचा हत्ती

"सगळी चित्रं उतरवा! चित्रशाळेत आता फक्त माझा हत्ती लागेल!"

कुसुरगडच्या रायाजीराजांनी हुकूम सोडला आणि बकुळेच्या हातातला झाडू गळून पडला. चित्रशाळेची झाडलोट तीच करायची. संस्थानातल्या चिताऱ्यांची, कुंभारांची, विणकरांची कला मांडायला राजांनीच ती हौसेनं बांधली होती. बकुळेच्या आईनं रंगवलेले गंजिफाचे पत्तेही तिथं दिमाखात लागले होते. आणि आता हे काय भलतंच!

झालं होतं असं, की राजांना स्वतःलाच चित्रकलेचा नाद लागला. पहिलाच हत्ती काढला, तो चांगला दालनभर! सोंड कुठली नि शेपूट कुठलं, हे खुद्द हत्तीलाही सांगता आलं नसतं.

"वा! हुबेहूब!" दिवाणजी म्हणाले.

"काय हुबेहूब?"

"जे... जे काढलंय ते, महाराज!"

बघायला जमलेल्यांत मागे कुंभारआळीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. राजे भडकले.

"हसता? मग सांगा, हा हत्ती इथं का नको? पण चित्राला नाव ठेवाल तर तुरुंग, आणि माझा शब्द मोडाल तरी तुरुंग!"

बकुळा पुढं झाली.

"महाराज, चित्रावर मी पामर काय बोलणार? मला एवढंच सांगा, उद्या परगावचा चितारी चित्र घेऊन दाराशी आला, तर काय करू?"

"हाकलून दे! या मातीत जन्मला, तोच इथला कलावंत!"

"फारच गयावया केली तर?"

"तरी हाकल!"

"आणि बडा सरदार निघाला तर?"

"सरदार असो, नाहीतर राजा असो! नियम म्हणजे नियम!"

"मग महाराज, हत्ती बाहेर काढावा लागेल!" बकुळेनं हात जोडले. "आईसाहेब पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. आपला जन्म आजोळचा, धारपूरचा!"

दिवाणजींनी डोळे घट्ट मिटले. राजांनी एकवार हत्तीकडे पाहिलं.

"मग माझ्या हत्तीनं जायचं कुठं?"

"मामासाहेबांच्या वाड्यावर! एवढा कलावंत त्यांच्या मातीत जन्मला, तर मान त्यांचाच. जेवायला बसतात ना, तिथं समोरच लावू!"

राजांच्या मिशा थरथरल्या. खांदे हलायला लागले. आणि मग असा काही हशा फुटला, की पगडी घरंगळून दिवाणजींच्या पायांवर!

"मामांनी लहानपणी माझे कान लई पिळले, पोरी! आता हा हत्ती बघत रोज दोन्ही वेळा जेवू देत!"

डोळे पुसत राजांनी चित्रशाळेच्या किल्ल्या बकुळेच्या हातात ठेवल्या.

"आजपासून इथली कारभारीण तू! आणि हे माझे रंग नि कुंचलेही तुलाच. घे, आणि मी कितीही मागितले तरी परत देऊ नकोस!"