चिमणीच्या पाठीवरची रेघ

"लहान घेऊ, मधला घेऊ, की मोठा? एवढंच सांगा, सर. मी लगेच निघते."

इंगवले सरांनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर म्हैस उभी होती आणि हातात केस भादरायचं मशीन घुरघुरत होतं.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. त्याआधी गवळी म्हशी भादरतात. हौशी गवळी असेल तर नुसतं भादरून थांबत नाही, अंगावरच्या केसांतून वेलबुट्टी कापून घेतो. सर ड्रॉइंग मास्तर म्हणून कधीच निवृत्त झाले, पण गल्लीतलं हे नक्षीकाम अजून त्यांच्याकडंच होतं. आज तातोबा गवळ्याची चिमणी पुढ्यात होती. नाव चिमणी, आणि उभी राहिली की गोठ्याचं दार बंद!

त्यांची शाळेतली विद्यार्थिनी रेवती शिंत्रे पुण्याहून निघाली ती स्टँडवरून थेट इथंच आली होती. घरी आईला फोनसुद्धा केला नव्हता.

"कशाची मापं विचारतीस गं?" सर म्हणाले.

"टॅब्लेटची, सर. संगणकाला जोडतात ती पाटी. पेन पाटीवर फिरवायचं, चित्र पडद्यावर उमटतं. उद्या पाडव्याच्या मुहूर्तावर नवी घ्यायचीय. पण कुठल्या मापाची घेऊ तेच कळत नाही. डोकं फुटायची वेळ आलीय."

"आत्ता न्हाई का तुझ्याकडं?"

"आहेत. दोन."

दोरी धरून उभ्या असलेल्या तातोबानं डोळे मोठे केले. चिमणीच्या पोटावर एक पान कापून झालं, दुसरं सुरू झालं.

मग रेवतीनं न विचारताच सगळं सांगायला घेतलं. आधीची पाटी वहीएवढी होती. तिच्यावर हात जरासा हलला की पडद्यावर रेघ लांब पळायची, आणि हाताची बारीकशी थरथरही मोठी होऊन दिसायची. म्हणून मोठी आणली. ती टेबल व्यापून बसली. तिच्यावर हात खांद्यापासून फिरवावा लागतो, आणि रेघ अर्ध्यावर आली की धीरच सुटतो.

"मग काय करतीस?"

"मागे घेते."

"काय?"

"रेघ. बटण असतं, सर. दाबलं की काढलेलं नाहीसं होतं."

"आणि?"

"पुन्हा काढते."

"आणि?"

"पुन्हा मागे घेते…"

खरं दुखणं वेगळंच होतं आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिला पहिल्यांदाच एक अख्खं पुस्तक मिळालं होतं. लहान मुलांचं, एका हत्तिणीचं. मिळालं तेव्हा अंगात वारं शिरलं, आणि प्रकाशकबाईंसमोर ती बोलून गेली, "हत्तिणीची पाठ मी एका रेघेत काढून दाखवते. डोक्यापासून शेपटीपर्यंत, पेन न उचलता." बाईंना ते इतकं आवडलं की मुखपृष्ठच त्यावर ठरलं. भाऊबीज झाली की चित्र पाठवायचं होतं. नाही गेलं तर पुस्तक दुसऱ्या कुणाकडं जाणार, हे बाईंनी गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितलं होतं.

आणि रेघ काही येत नव्हती. झोप उडाली होती. जेवायला बसलं तरी बोटं ताटाच्या कडेवर हत्तीण काढत असायची, आणि तिथंही मध्येच अडकायची. शाळेत सगळे म्हणायचे, रेवतीची रेघ बघावी. ती रेघ गेली कुठं? हातच मेला असेल तर?

सर आता 'नाचता येईना, अंगण वाकडं' म्हणणार, याची तिला वाटेतच धास्ती होती. म्हटलं असतं तर ती तिथंच रडली असती.

सर तसं म्हणाले नाहीत. त्यांनी मशीन बंद केलं, पातं फुंकलं आणि तिच्यापुढं धरलं.

"पाठीवरची रेघ राहिलीय. मानेपासून शेपटीपर्यंत. तेवढी ने."

"मी?"

"सर!" तातोबा ओरडलाच. "अवो, उद्या मिरवणुकीला न्यायची हाय ती! सगळी गल्ली बघणार. माझी अब्रू हाय त्या पाठीवर!"

"दोरी धर, तातोबा."

"सर, मी हे कधी केलेलं नाही," रेवती म्हणाली. "चुकलं तर?"

"केस येतात परत."

"कधी?"

"येतील की… दिवाळी सरल्यावर."

तिनं मशीन हातात घेतलं. ते वाटलं त्याहून जड होतं, आणि सुरू केल्यावर तर हातातून निसटतंय की काय असं झालं. चिमणीनं मान वळवून तिच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

"सर, आधी खडूनं आखून घेऊ का?"

सरांनी खिशातून तंबाखूची डबी काढली.

"निदान कुठून सुरू करू ते तरी…"

सर चुना लावत होते.

रेवतीनं ओठ घट्ट मिटले आणि मानेपाशी पातं टेकवलं. केस गळून पडले. खालचं काळंभोर कातडं उघडं पडलं, बोटभर रुंदीचं. तिचा अंगठा आपसूक बाजूला सरकला आणि काहीतरी दाबायला गेला. तिथं दाबायला काही नव्हतं.

ती पुढं सरकली. मान संपली, खांदा आला. तातोबा तोंडातल्या तोंडात ज्योतिबाचं नाव घेत होता.

एवढ्यात खांद्यावर माशी बसली. चिमणीचं कातडं सर्रकन थरथरलं आणि ती पाय पुढं टाकत चालायलाच लागली.

"ए ए ए!" तातोबा दोरीला लोंबकळला. "थांब की गं भवाने!"

चिमणी कसली थांबते! ती गव्हाणीकडं निघाली, आणि तिच्या बरोबरीनं रेवतीही निघाली. रेवतीचा खांदा चिमणीसोबत, कोपर चिमणीसोबत, पाय तिरपे पडत होते. एक चप्पल शेणात रुतून मागं राहिली. ओढणी बादलीत गेली. तिनं खाली बघितलं नाही. खांदा उतरून पाठ आली, पाठीचा फुगवटा आला, मग कंबरेचं हाड, मग शेपटीचं मूळ…

मशीन हवेत फिरलं, तेव्हा तिला कळलं की म्हैस संपली.

तिनं मशीन बंद केलं. गोठ्यात एकदम शांत झालं. चिमणीनं गव्हाणीत तोंड घातलं होतं आणि ती कडबा खात होती.

तातोबा मागं जाऊन उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्यानं पाठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. दोरी त्यानं सैल सोडली होती.

रेवतीला मात्र एकच जागा दिसत होती. खांद्यापाशी, माशी बसली तिथं, रेघेला बाक आला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाकली, सर," ती म्हणाली. "इथं बघा ना. चांगली चालली होती. इथंच नेमकी वाकली."

सर जवळ आले. त्यांनी वाकलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, तिथले सुटे केस झटकले आणि पुढं नेत नेत अंगठा शेपटीपर्यंत नेला.

"सर, रागावलात का?"

"न्हाई."

"मग सांगा ना. उद्या दुकान दुपारपर्यंतच उघडं आहे. लहान, मधला की मोठा?"

सरांनी तिच्या हातातलं मशीन काढून घेतलं. पात्यात अडकलेले केस ते बोटानं एकेक करून काढत राहिले…

"रेवती."

"हां, सर?"

"म्हैस हलली. रेघ वाकली. तरी तू कशी काय थांबली न्हाईस?"