सोनेरी होईपर्यंत

कोण्या एका गावात रखमाजी नावाचा शिंपी राहत होता. माणूस सरळ, हाताला कसब, आणि कामात अगदी काटेकोर. शेवटचा टाका घातल्याशिवाय तो अंगरखा कुणाला बघूसुद्धा देत नसे.

राजाच्या बागेतला म्हातारा माळी काम सोडून आपल्या गावी निघाला. रखमाजीने त्याला प्रवासासाठी ऊबदार बंडी शिवून दिली होती. जाताना माळ्याने काचेची पेटी रखमाजीच्या ओट्यावर ठेवली. आत सोनेरी माशांची जोडी होती.

"यांना पिल्लं होतील," माळी म्हणाला. "अंडी दिसली की आईबापांना वेगळं काढ, नाहीतर तेच खाऊन टाकतील. आणि पिल्लं वाढायला लागली की वाटून टाक. पेटीत पाणी वाढत नसतं, बाबा."

थंडी सरली आणि एका सकाळी पाणवेलींना मोहरीएवढे काचेसारखे दाणे चिकटलेले दिसले. रखमाजीने जोडी मातीच्या डेऱ्यात हलवली. चौथ्या दिवशी पेटीत केसासारखी पिल्लं वळवळू लागली. तो अंड्याचा उकडलेला बलक मलमलीतून गाळून त्यांना घालायचा. हां हां म्हणता पिल्लं तांदळाएवढी झाली. पण रंगाने सगळी काळपट, डबक्यातल्या माशांसारखी. सोनेरी रंग पुढे काही महिन्यांनी चढतो, हे माळ्याने सांगितलं होतं.

त्याच आळीत सगुणाआजी राहायची. गावची सुईण. बोलावणं आलं की हातातला घास ताटात ठेवून उठणारी. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलं होतं, रखमाजीसुद्धा. आता कंबर मोडल्यामुळे ती खाटेला खिळली होती. एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यातही पडदा उतरत होता.

रखमाजी तिला भाकरी द्यायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "रखमा, तुझ्याकडे माशांची पिल्लं झालीत म्हणे. दोन मला दे ना. दिवसभर भिंतीकडे बघून जीव विटलाय. काहीतरी हलणारं दिसू दे."

"आजी, दोन काय, दहा देतो! पण आत्ता ती काळी आहेत. सोनेरी झाली की आणतो."

"काळी चालतील रे मला."

"छे, तुम्हाला काळी कशी देऊ?" रखमाजी म्हणाला. त्याच्या मनात चित्र तयार होतं. काचेच्या बरणीत झळझळीत मासे घेऊन आपण आळीतून चाललोय, आणि लोक दारात उभे राहून बघताहेत.

पिल्लं बोटाएवढी झाली. आता त्यांना कुणी खाऊन टाकण्याची भीती नव्हती, म्हणून रखमाजीने आईबापांनाही परत पेटीत सोडलं. पेटी गच्च भरली. वैशाखाचं ऊन तापलं, तसे मासे तोंडं वर काढून हवा गिळू लागले.

"अहो, निम्मी तरी वाटून टाका," बायको भागू म्हणाली. "आजीला तरी नेऊन द्या. परवा पुन्हा विचारत होत्या."

"आठ दिवस थांब. पोटाखाली रंग दिसायला लागलाय."

आठाचे पंधरा झाले. एके सकाळी रखमाजी उठून पेटीपाशी गेला आणि तिथेच खाली बसला. पाण्यावर पांढऱ्या पोटांचा थर तरंगत होता. माळ्याने दिलेली जोडीही त्यात होती. तळाशी फक्त तीन पिल्लं कशीबशी कल्ले हलवत होती. भागूने विहिरीचं ताजं पाणी आणून ठेवलं.

ती तीन जगली. महिन्याभरात तिघांवरही रंग चढला. रखमाजीने त्यांना बरणीत घातलं आणि तो आळीतून निघाला. लोक दारात आले, पण त्याने मान वर केली नाही.

"आजी, मासे आणलेत."

सगुणाआजीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "झाले का सोनेरी?"

"झाले. तिन्ही."

तिने हात पुढे केला. बोटं बरणीच्या बाजूने निघून गेली. तेव्हा रखमाजीला कळलं.

"काळी होती तेव्हा मला दिसत होतं रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

त्याने तिची बोटं धरून पाण्यात बुडवली. थोड्या वेळाने एक मासा आला आणि तिच्या बोटाला तोंड लावून गेला. "आला बघ एक," ती हळूच म्हणाली. रखमाजीने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी त्याने काचेची पेटीच तिच्या उशाशी आणून मांडली, आणि रोज तिथे बसून कोणता मासा काय करतोय ते तिला सांगू लागला.

पुढच्या वर्षी त्या पेटीत पुन्हा पिल्लं झाली. ती नखाएवढी होताच रखमाजी घरोघरी वाटून आला. लोक विचारायचे, "ही तर काळी आहेत. सोनेरी कधी होणार?"

"होतील तुमच्याच घरी," तो म्हणायचा. "आज घेऊन जा."

तात्पर्य एवढंच: द्यायचं ते आहे तसं, वेळेवर द्यावं. आपलं देणं सजेपर्यंत घेणाऱ्याची वेळ थांबून राहत नाही.