मॉलमधला नैवेद्य

नदीकाठच्या एका देवस्थानात एक वृद्ध आचारी होते. गावात लहानथोर सारे त्यांना नाना म्हणत. उत्सवाच्या दिवशी हजारो पानांचा स्वयंपाक त्यांच्या नजरेखाली होत असे, आणि त्या मुदपाकखान्याचा एक नियम त्यांनी जन्मभर पाळला होता. देवापुढे नैवेद्य ठेवला जाईपर्यंत शिजवणाऱ्याने चव घ्यायची नाही. आमटीत मीठ बरोबर पडले आहे की नाही, ते वाफेच्या वासावरून ओळखायचे. मिठाला कसला आलाय वास, असे प्रत्येक नवखा माणूस विचारतो. मीठ पडल्यावर आमटीचा वास बदलतो, एवढेच उत्तर त्याला मिळते, आणि मग पुढची कित्येक वर्षे तो बिचारा झाकणे उघडून वाफ घेत बसतो.

नानांचा शिष्य वामन या विद्येत गुरूच्याही पुढे गेला होता. मुदपाकखान्याच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताच तो सांगे, “कढी अळणी आहे. भाजीत गूळ वाढलाय.” आणि ते खरे निघे. लोक तोंडात बोटे घालत. असे कौतुक रोज कानांवर पडू लागले की माणसाची मान थोडी ताठ होतेच. वामनचीही झाली. हळूहळू तो लग्नकार्यातल्या दुसऱ्यांच्या स्वयंपाकावर, शेजारणीच्या लोणच्यावर, येईल त्या पदार्थावर लांबूनच शेरे मारू लागला. नाना ते ऐकून होते.

वामनचा एकुलता एक मुलगा श्रीरंग. तो त्याच चुलींपुढे वाढला, तीच विद्या शिकला. नानांनंतर वामन आणि वामननंतर श्रीरंग, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. पण श्रीरंग शहरात गेला, हॉटेलचे शिक्षण घेतले आणि तिथल्या एका मोठ्या मॉलमध्ये उंची बर्गर विकणाऱ्या दुकानात मुख्य स्वयंपाकी म्हणून लागला. ज्या दिवशी त्याने ही बातमी घरी सांगितली, त्या दिवशी वामन संतापाने म्हणाला, “देवाचा नैवेद्य रांधायला शिकवलं तुला, आणि तू पाव विकणार? तुझ्या हातचं अन्न माझ्या पानात पडणार नाही.”

शब्द गेला तो गेला. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या. मुलाचा फोन आला की वामन उठून अंगणात जाई.

एके दिवशी वामनची पत्नी नानांकडे आली. “नाना, श्रीरंगला पुढच्या आठवड्यात बंगळूरला पाठवताहेत. तिकडे नवं दुकान निघतंय. एकदा गेला की कुठला येतोय तो लवकर? हे तोंडाने काही बोलत नाहीत. पण जेवायला बसले की त्याच्या पाटाकडे बघत राहतात. मला बघवत नाही हो.”

नानांनी तिला ताक दिले, ती शांत झाल्यावर घरी पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वामनला बोलावून म्हणाले, “वामन, मला बर्गर खायचाय.”

वामनला वाटले, वयामुळे नानांच्या डोक्यात काहीतरी झाले. “नाना, तुम्ही जन्मात कधी बाहेरचा चहा घेतला नाहीत.”

“म्हणूनच. किती दिवस राहिलेत माझे? तोंडात दातही राहिले नाहीत. तो पाव मऊ असतो म्हणे. श्रीरंगच्याच दुकानात जाऊ, ओळखीचं माणूस आहे.”

वामनच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण गुरूला नाही म्हणण्याची त्या मुदपाकखान्यात रीत नव्हती. “मी सोबत येईन,” तो म्हणाला, “पण खाणार नाही.”

“तुला कुणी आग्रह केलाय?” नाना म्हणाले.

मॉलमध्ये शिरल्या शिरल्या थंड वाऱ्याचा झोत अंगावर आला आणि नानांनी उपरणे कानांवरून घेतले. सरकते जिने त्यांनी काही वेळ कुतूहलाने पाहिले आणि त्यांच्या वाटेला न जाता लिफ्टने वर गेले. वामन मात्र चेहरा कडू करून चालला होता. त्याला तिथले काहीच आवडत नव्हते, आणि आवडायचे नाही असे तो घरूनच ठरवून आला होता. श्रीरंगचे दुकान वरच्या मजल्यावर होते. लाकडी मेजे, छताला टांगलेल्या वेली, मंद दिवे आणि भिंतीवर पदार्थांच्या नावांचा मोठा फलक. नानांनी तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि काहीच न समजल्यासारखी मान हलवली.

काचेपलीकडे श्रीरंग काम करत होता. त्याने वर पाहिले, आणि त्याच्या हातातला कालथा तसाच थांबला. मग हात पुसत तो लगबगीने बाहेर आला. नानांच्या पायांवर डोके ठेवून तो वडिलांपुढे वाकला. वामनने पाय किंचित मागे घेतले. श्रीरंगला ते दिसले, नानांनाही दिसले.

“काय आणू नाना?”

“तू केलेलं काहीही आण. कांदा नको तेवढा.”

थोड्या वेळाने श्रीरंग एका लाकडी फळीवर बर्गर घेऊन आला. मध्ये सुरणाची टिक्की होती. सोबत लिंबाचे सरबत होते आणि त्यात पुदिन्याची पाने. त्याने फळी मेजावर ठेवली, आणि इतका वेळ दुसरीकडे बघत बसलेला वामन मान न वळवता म्हणाला, “मीठ जास्त पडलंय.”

दोन वर्षांत मुलाला ऐकू आलेले वडिलांचे हे पहिले शब्द. श्रीरंगचा चेहरा पडला.

नानांनी विचारले, “चव घेतलीस का रे तू याची?”

“नाही नाना.”

“आज घेतली नाहीस?”

“कधीच घेतली नाही.” श्रीरंग ओशाळून हसला. “इथले सगळे मला हसतात. मी वासावरून ठरवतो, आणि माझ्या हाताखालचा स्वयंपाकी खाऊन बघून सांगतो. मला घ्यावीशीच वाटत नाही. हात तोंडाकडे जातच नाही.”

नानांनी मेजावरच्या भांड्यातले पाणी बोटांवर घेतले आणि त्या गुळगुळीत मेजावर, वामनच्या पुढ्यात, पाण्याने एक चौकोन काढला. देवापुढे नैवेद्याचे ताट ठेवण्याआधी काढतात तसा. बर्गरची फळी उचलून त्यांनी त्या चौकोनावर ठेवली. सरबतातले पुदिन्याचे पान काढून तुळशीपत्रासारखे पावावर ठेवले. फळीभोवती पाणी फिरवले आणि वामनकडे तोंड करून, हात जोडून, डोळे मिटून बसले.

शेजारच्या मेजावरच्या मुली फोन खाली ठेवून बघू लागल्या. वामन कानांपर्यंत लाल झाला. “नाना, अहो हे काय? लोक बघताहेत. इथे कुठला देव आणि कसला नैवेद्य?”

नानांनी डोळे उघडले.

“वामन, नैवेद्याआधी चव का घ्यायची नाही, ते मी तुला कधी सांगितलं नाही, आणि तूही कधी विचारलं नाहीस. अरे, रांधणाऱ्याला फार लवकर वाटायला लागतं की हे अन्न माझं. पहिला घास माझा आणि पहिला शब्दही माझा. तसं वाटू नये म्हणून आपण जिभेला थांबवतो. ज्याच्यासाठी रांधलं त्याने आधी खावं आणि त्यानेच आधी बोलावं. वास घ्यायला शिकवलं ते अन्नाची काळजी घ्यायला. तू त्या नाकाने निवाडे द्यायला लागलास. घास न घेता, लांबूनच.” त्यांनी श्रीरंगकडे बोट केले. “आणि हा तुझा पोरगा. शेकडो माणसं रोज याच्या हातचं खाऊन जातात, तरी याचा हात तोंडाकडे जात नाही. याच्या लेखी नैवेद्य अजून व्हायचाय. ज्याच्यापुढे ठेवायचा, तो घरी रुसून बसलाय. किती दिवस ताटकळत ठेवणार आहेस याला?”

श्रीरंग मान खाली घालून उभा होता. नाना सांगेपर्यंत त्यालाही हे कळलेले नसावे, कारण त्याने एकाएकी पाठ फिरवली आणि बाहीने डोळे पुसले.

वामनने फळीकडे पाहिले. पण हट्टी माणूस, सहजासहजी कसला वाकतो. “मी शब्द देऊन बसलोय, नाना. याच्या हातचं अन्न माझ्या पानात पडणार नाही म्हणून.”

“पान कुठाय इथे?” नाना म्हणाले. “फळी आहे ही. तुझा शब्द शाबूत आहे. खा.”

वामनने हात धुतले आणि तो फळीसमोर नीट बसला. दोन्ही हातांनी धरून मोठा आ वासायचे त्याला जमेना, म्हणून त्याने भाकरीसारखा उजव्या हातानेच तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तो सावकाश चावू लागला. सुरण घशाला जराही खाजला नाही. चिंचेच्या पाण्यात सुरण किती वेळ ठेवायचा, हे श्रीरंगला त्यानेच शिकवले होते, हात खाजतात म्हणून रडणाऱ्या लहान श्रीरंगला मांडीवर घेऊन. पोरगा ते विसरला नव्हता. एवढ्या झगमगाटात, एवढ्या परक्या नावाच्या पदार्थात त्याने ते जसेच्या तसे सांभाळले होते. वामनने दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा.

“मीठ कमी आहे,” वामन म्हणाला. “किंचित.”

“मघाशी तर जास्त म्हणालास,” नाना म्हणाले.

“ते न खाता म्हणालो होतो, नाना.”

आयुष्यात पहिल्यांदाच वामनचे नाक चुकले होते, आणि ते का चुकले हे आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने फळी मुलापुढे सरकवली. “बस. बघ खाऊन.”

श्रीरंग वडिलांशेजारी बसला. त्याचा हात क्षणभर घुटमळला, मग त्याने वडिलांनी मोडला होता तिथूनच तुकडा मोडला आणि तोंडात घातला. दोन वर्षे रोज तो जे रांधत होता, ते आज पहिल्यांदा त्याच्या जिभेला कळत होते. त्याने दोन घास चावले, डोळे बारीक केले आणि अगदी गंभीरपणे मान हलवली.

“हो बाबा. कमी आहे.”

वामन हसला. “बंगळूरला गेलास की तिकडचं मीठ आधी बघून घे. प्रत्येक गावचं मीठ वेगळं असतं. आणि दुकान सुरू झालं की कळव. आईला घेऊन येईन मी.”

पुष्कळ घरांत असे एखादे पान कुणीतरी आपल्यासाठी वाढून ठेवलेले असते, आणि आपण दारातूनच वास घेऊन निकाल देत असतो.

नाना मात्र अजून हात जोडून बसले होते. बापलेक एकाच फळीतून खाताहेत आणि आपल्याकडे कुणाचेच लक्ष नाही, असे पाहून ते शेवटी म्हणाले, “अरे, नैवेद्य झाला असेल तर मला थोडा प्रसाद मिळेल का? दात नसले तरी भूक आहे मला.”