आपट्याची सात रोपं

घोड्यांच्या कुरणाला लागून एक गाव होतं आणि त्या गावात येसबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण तिथेच होती.

त्याचे मामा, आप्पाजी लोंढे, वरातीसाठी घोडी भाड्याने देत. घोडी कुरणात चरत. कुरण गावाचं. घोड्यांनी तिथलं एकेक आपट्याचं झाड खाऊन संपवलं होतं. दसऱ्याला सोनं वाटायचं तर गावाला परगावाहून पानं आणावी लागत. शेवटी पंच बसले. पाटील म्हणाले, "आप्पाजी, कुरणात आपट्याची रोपं लाव. दसऱ्याला आम्ही बघायला येऊ. रोपं उभी दिसली तर कुरण तुझं. नाही दिसली तर घोडी बाहेर."

कुरण गेलं तर धंदा गेला. आप्पाजींनी ज्येष्ठात सात रोपं लावली आणि राखणीला येसबाला बसवलं. बहिणीचा मुलगा, दुसरीकडे कुठे ठेवणार?

"येसबा, घोड्याचं तोंड झाडाला लागता कामा नये."

"बरं मामा."

येसबाने सगळ्या घोड्यांच्या तोंडाला तोबरे बांधले. तोबरा म्हणजे दाणा चारायची पिशवी. संध्याकाळी आप्पाजी आले तेव्हा घोडी माना टाकून उभी होती. पोटं आत गेलेली.

"अरे, तोबऱ्यात काय घातलंस?"

"काही नाही. तोंड झाकायचं होतं, भरायचं नव्हतं."

"दिवसभर उपाशी ठेवलंस? जिवंत आहेत ना ती? सकाळी आधी हरभरा द्यायचा. मग अंगावरून खरारा फिरवून धूळ काढायची. बाकीचं नंतर."

"चुकलं मामा. आता लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आप्पाजी बाजाराला निघाले. जाताना म्हणाले, "आज झाडांकडे बघ. जिवंत राहिली पाहिजेत."

जिवंत म्हटल्यावर येसबाला काम कळलं. त्याने प्रत्येक रोपाच्या बुडाशी भिजवलेला हरभरा ओतला. मग घोड्यांचा लोखंडी खरारा घेतला आणि एकेक रोप खालून वर घासलं. धूळ निघाली. सालही निघाली. हरभऱ्याच्या वासाने घोडी धावत आली. त्यांनी हरभरा खाल्ला आणि वर पाला खाल्ला.

आप्पाजी आले आणि सोललेल्या रोपावरून हात फिरवत राहिले.

"झाडाला खरारा कशाला केलास?"

"अंगावर धूळ होती."

"आणि हरभरा?"

"त्यांनी तोंड लावलं नाही. मी आग्रह केला."

"बाबा, ऐक. एखादी गोष्ट राखायची तर तिच्याभोवती बाभळीच्या काट्या बांधायच्या. बुडाला चुना आणि गेरू फासायचा. मग कोणी जवळ येत नाही."

मुळं शाबूत होती म्हणून रोपं वाचली. काट्या आप्पाजींनी स्वतः बांधल्या.

त्याच आठवड्यात पाटलांच्या मुलाचं लग्न होतं. वरातीला आप्पाजींची पांढरी घोडी ठरली होती. आप्पाजी पुढे निघाले आणि म्हणाले, "तू घोडी घेऊन ये. पोरं शेपटीचे केस उपटतात. तिला नीट राख."

येसबाने राखली. चारही पायांना गुडघ्यापर्यंत चुना आणि गेरू. झुलीवर सगळीकडून बाभळीच्या काट्या, सुतळीने घट्ट आवळलेल्या. घोडीला टोचू नये म्हणून टोकं बाहेर. तेवढं त्याला कळत होतं.

पोरं जवळ आली नाहीत. नवरदेव आला. त्याने रिकिबीत पाय घातला, वर चढला आणि लगेच खाली उतरला. धोतर वरच राहिलं.

वरात पायी गेली. नवरदेवाने चुलत्याचं उपरणं गुंडाळलं होतं. पाटील आप्पाजींना एवढंच म्हणाले, "दसऱ्याला येतो. एक जरी रोप कमी दिसलं तर बघ."

घरी आल्यावर आप्पाजींनी येसबाला समोर बसवलं.

"मोठ्या माणसापुढे काही न्यायचं तर आधी काट्या काढायच्या. मग स्वच्छ धुवायचं. मग न्यायचं. काय?"

"काट्या काढायच्या, धुवायचं, न्यायचं."

पावसाळाभर आप्पाजींनी येसबाला कुरणात फिरकू दिलं नाही. रोपं पुन्हा फुटली, कमरेला लागली. दसरा उजाडला. नेमकी त्या दिवशी पांढरी घोडी शेजारच्या गावच्या मिरवणुकीला जायची होती. येसबाला धाडतो म्हटलं तर ते लोक नको म्हणाले. लग्नाची गोष्ट तिथवर पोचली होती. आप्पाजींना स्वतः जावं लागलं.

"येसबा, मी येण्याआधी पंच आले तर सण आहे हे विसरू नको. पाया पड. आपल्या झाडांचं सोनं त्यांच्या हातात दे. एकेक पान देऊन कंजूषपणा करू नको."

"नाही करणार मामा."

दिवस कलताना आप्पाजी घोडी घेऊन परतले. गावाच्या वाटेवर समोरून पाच पंच येत होते. प्रत्येकाच्या खांद्यावर आपट्याचं एकेक झाड, मुळासकट. मुळं धुऊन लख्ख केलेली. पाटलांच्या दोन्ही खांद्यांवर दोन. त्यांचा मान मोठा.

"पाटील, हे काय?"

"सोनं," पाटील म्हणाले. "तुझ्या भाच्याने दिलं. सणाचं आहे, टाकता येईना. कुरण बघितलं आम्ही. खड्डे चांगले खोल आहेत. घोडी उद्या बाहेर काढ."

आप्पाजी कुरणात पोचले. येसबा तोंडाशीच उभा होता. कोपरापर्यंत चिखल, हातात शेवटचं रोप, मुळांतून पाणी गळतंय.

"मामा, माणसं अशी खूश झाली की कोणाच्या तोंडून शब्द निघेना. हे सगळ्यात मोठं. तुमच्यासाठी मागे ठेवलं. सोनं घ्या."

आणि तो पाया पडायला वाकला.

आप्पाजींनी रोप हातात घेतलं. पांढऱ्या घोडीने मागून मान पुढे काढली आणि शेंड्यापासून खायला सुरुवात केली. आप्पाजींनी तिला अडवलं नाही.