ओल्या कोब्यावरची पट्टी

फार जुनी गोष्ट नाही. एक वयोवृद्ध स्थापत्यविशारद होते. हेमांगी ही त्यांची शिष्या. कृत्रिम पाय बसवलेल्या माणसांना चालायला शिकवणारे एक दालन उभे राहत होते आणि तिथला काँक्रीटचा कोबा करण्याचे काम गुरूंनी विश्वासाने तिच्यावर सोपवले होते. असा पाय खालची जमीन जाणत नाही, त्यामुळे इतरांच्या लक्षातही न येणारा उंचसखलपणा नवशिक्याला पाडू शकतो.

हेमांगीने जीव ओतून काम केले. कोबा आरशासारखा चमकत होता, चारही कोपरे एका पातळीत होते. मधल्या भागावर मात्र तिने सपाटी तपासायची पट्टी ठेवून पाहिली नाही. कोबा पक्का झाल्यावर एक गृहस्थ नवा पाय लावून दालन पाहायला आले आणि मध्यावर अडखळून पडले. फार लागले नाही. उठताना ते ओशाळून म्हणाले, "अजून मला पाऊल टाकायला जमत नाही."

दोष त्यांच्या पावलाचा नव्हता, हे तिला ठाऊक होते. तिने ते त्यांना तिथेच सांगितले. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

कोबा फोडावा लागला. दुसऱ्या खेपेस ती थापी फिरवत राहिली, पृष्ठभाग पुन्हा तुकतुकीत झाला. तेवढ्यात बाजूला बसून पाहणारे गुरू उठले आणि त्यांनी एक लांब, सरळ पट्टी त्या ओल्या काँक्रीटवर आडवी टेकवली. गुळगुळीत पृष्ठभागावर रेघ उमटली. निदान वाळेपर्यंत तरी थांबायचे होते, असे हेमांगी काकुळतीने म्हणाली.

गुरूंनी तिला वाकून पाहायला सांगितले. पट्टीखाली एके ठिकाणी फट होती आणि पलीकडे उंचवटा. तिने खळग्यात माल भरला, उंचवटा कापला. मग गुरू म्हणाले, "वाळल्यावर मोजलं तर नुसता निकाल कळतो. ओलं असताना मोजलं तर हातानं सुधारता येतं. मागच्या वेळी तुझं कौशल्य कमी पडलं नाही, हेमांगी. चूक दिसेल या भीतीनं तू पट्टी दूर ठेवलीस, आणि तोवर ती चूक दगडासारखी पक्की झाली. ही रेघ काय, थापीच्या एका हातानं जाईल."

हेमांगीने पट्टी त्यांच्या हातून घेतली आणि जो भाग आपल्याला सर्वांत उत्तम साधला असे तिला वाटत होते, नेमकी तिथेच ठेवली. तिथेही बारीकशी फट दिसली. ती अजून भरता येणार होती, म्हणून तिला हायसे वाटले, आणि तिने शांतपणे आणखी थोडा माल मागवला. तो कोबा पुढे उत्तम सपाट उतरला.

आपल्या कामावर कुणी पट्टी ठेवली, तर रागावण्याआधी एवढेच पाहावे, की काम अजून ओले आहे ना.