चार बोटं

"एकदा शिकलेलं अंगातनं काढून टाकता येतं का, मास्तर?"

दस्तगीर मास्तर हायस्कुलाच्या मैदानावर फक्कीची रेघ ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय काढायचंय?"

"फितीला छाती द्यायची सवय. तुमीच लावलेली."

मास्तर हसले. फक्की हळूहळू सांडत राहिली.

सवय त्यांनीच लावली होती, हे खरं. शेवटची रेघ आली की खांदे मागं, छाती पुढं. बारा वर्षांत मल्हारी बंडगरच्या अंगात हे इतकं भिनलं होतं की, एसटीत चढतानासुद्धा याची छाती आधी चढते आणि हा मागनं येतो, असं गावातली टवाळ पोरं म्हणत.

एवढं पळूनही भारताच्या संघात त्याची वर्णी लागली नाही. अगदी थोडक्यात हुकली. पुढं बोलावणं आलं, ते वेगळ्याच कामाचं. अंधांच्या चारशे मीटरमध्ये कस्तुरा ऐवळे पळायची. तिच्या हाताला दोरीनं हात बांधून शेजारून पळणारा डोळस माणूस हवा होता. आशियाई पॅरा स्पर्धेला निघालेल्या संघाचा निळा सदरा मल्हारीच्या अंगावर चढला. पाठीवर देशाचं नाव होतं. फलकावर नाव लागणार होतं ते मात्र तिचं.

यातला एक नियम मोठा अवघड. वाट दाखवणाऱ्यानं शेवटपर्यंत बरोबरीनं पळायचं, आणि रेघ मात्र तिच्या मागून ओलांडायची. तो आधी पोचला तर ती बाद.

"झालं काय?" मास्तरांनी विचारलं.

"सरावाच्या शर्यतीत मी पुढं गेलो. तिला बाद केलं."

"किती पुढं?"

"चार बोटं."

"ती काय म्हणाली?"

"तिनं बी हेच इचारलं. सांगितलं, चार बोटं. तर तिनं माझा हात चाचपला, चार बोटं एकेक करून मोजली, आन म्हणाली... एवढंच ना."

मल्हारीनं आपल्या त्या चार बोटांकडं पाहिलं.

"रडली असती तर बरं झालं असतं, मास्तर."

तो मंगळवार होता. शुक्रवारी संघ निघणार होता. प्रशिक्षक दुसरा माणूस द्यायला तयार होते, पण कस्तुरा अडून बसली होती. मल्हारीच पाहिजे म्हणायची. चुलीवर लाकडं घालत, दुसऱ्यांच्या घरची भाकरी भाजत तिनं एकतिसावं वर्ष गाठलं होतं. पुन्हा असंच झालं तर पुढची स्पर्धा चार वर्षांनी. तेवढी चार वर्षं तिच्या पायांत उरली नव्हती, आणि हे तिच्यापेक्षा मल्हारीला जास्त टोचत होतं.

"तुमी प्रशिक्षक साहेबास्नी फोन करा," तो म्हणाला. "तुमचा शब्द ते मोडायचे न्हाईत. म्हणावं, मल्हारीला काढा."

"एका सवयीपायी?"

मल्हारी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"सवय न्हाई, मास्तर..."

मास्तर थांबले.

"रेघ दिसली, आन ती माझ्या हाताला बांधलेली हाय हेच इसरलो. वाटलं, फीत माझी हाय. इतकी वर्सं हुकली ती हीच... खोटं कशाला बोलू? शेवटची पाच पावलं ती माझ्यासंगं नव्हतीच."

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, आणि जरा हलकंही वाटलं.

मास्तरांनी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं.

"छाती पुढं काढायला मीच शिकवलं तुला," ते म्हणाले. "मागं घ्यायची कशी, ते शिकवायचं राहून गेलं."

मास्तर चूक स्वतःकडं घेतात, हे मल्हारीनं कधी पाहिलं नव्हतं.

दिवस मावळला होता. त्याचं लक्ष आता कुठं रेघेकडं गेलं. रेघ पार नागमोडी गेली होती. जिच्यावरनं सुतारानं आपली पट्टी तपासावी अशी ज्या माणसाची रेघ, त्याची ही रेघ...

"मास्तर, ही रेघ..."

"वाकडी गेली असंल. सांज झाली की दिसत न्हाई आताशा." मास्तरांनी हात झटकले. "चल, मला घरी पोचीव. च्या घेऊ."

मास्तरांचे डोळे अधू झाल्याचं मल्हारीच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढ्यात दोनदा येऊन गेला होता तो. दोन्ही वेळा आपलंच रडगाणं गाऊन गेला होता.

मास्तरांनी खिशातून आखणीची सुतळी काढली. एक टोक आपल्या बोटाला गुंडाळलं, दुसरं त्याच्यापुढं धरलं.

"हात धरतो की, मास्तर."

"हात नको. हे धर."

मल्हारी नेहमीसारखा झपाझप निघाला. सुतळी ताणली गेली, मास्तर मैदानातल्या रोलरच्या दांड्याला ठेचकाळले.

"लेका, पुढं बक्षीस ठेवलंय का कुणी?"

तो खजील झाला. मग इतका सावकाश चालू लागला की सुतळी जमिनीला टेकली. मास्तर जागीच उभे राहिले.

"आता काय झालं, मास्तर?"

"ढिली पडली की वाटतं, तू गेलास."

मल्हारी मागं आला. त्यांच्या शेजारी उभा राहिला. पुन्हा निघाले.

"डावीकडं खड्डा हाय... हां. आता फरशी, खाली गटार हाय... बाभळीची फांदी आलीया, मान खाली घ्या."

चारदोन घरं मागं पडली. आपलं पाऊल त्यांच्या पावलाबरोबर कधी पडायला लागलं, ते मल्हारीला कळलं नाही. सुतळीकडंही त्यानं परत पाहिलं नाही.

मास्तरांचं दार बुटकं आणि अरुंद. एका वेळी एकच माणूस आत जाईल एवढं.

दारापाशी मल्हारी अर्धं पाऊल मागं सरला.

"उंबरा हाय, मास्तर. पाय उचला."

मास्तर आत गेले. त्यांच्या मागून तो गेला.

मास्तरांनी चाचपत खुर्ची शोधली, बसले, आणि दम खाल्ला.

"आत आधी कोण आलं रं?"

"तुमी."

"मग तू हरलास?"

मल्हारीनं मागं वळून उंबऱ्याकडं पाहिलं.

मग त्यानं विचारलं, "आन फोन, मास्तर?"

मास्तरांनी आपल्या बोटाची सुतळी सोडली. त्याचा हात ओढून घेतला, त्याच्या चार बोटांभोवती ती गुंडाळली, आणि त्याची मूठ मिटली.

"शुक्रवारी जा," ते म्हणाले. "आन तिला घरी पोचवून ये."