कमानवेशीतली पायरी

“...मग सात माणसं आणायची कुठून, अप्पा? एवढंच सांगा.”

अप्पा बेलाची पानं निवडत होते. तिन्ही दलं शाबूत असलेलं पान परडीत, फाटकं-किडकं बाजूला. त्यांनी मान वर केली नाही.

“सात,” चंद्रहास पुन्हा म्हणाला. “सत्तर नकोत, सातशे नकोत. सात.”

हे सगळं मला ठाऊक, कारण मी तिथं मठाच्या ओसरीवर होतो. आडाच्या रहाटाचा दोर झिजला होता, नवा घेऊन गेलो होतो. आमचं दोरखंड-सुतळी-ताडपत्रीचं दुकान तिथून जवळच, कमानवेस चौकात. कुठून उठून जावं आणि कुठं बसून राहावं, एवढं दुकानदाराला कळतं. मी बसून राहिलो.

चंद्रहास मुळीक हा अप्पांचा जुना शिष्य. लहानपणी मठात संस्कृत शिकायला यायचा. पुढं इंजिनिअर झाला, परदेशात जाऊन शहरं कशी आखतात ते शिकला, आणि परत येऊन त्यानं पायी चालणाऱ्यांची नि सायकलवाल्यांची बाजू लावून धरली. तीन वर्षं महापालिकेचे जिने चढला-उतरला. आता आमच्याकडं महापालिका आहे, तरी आम्ही गावच म्हणतो. शेवटी ठराव झाला. पादचारी आणि सायकलस्वारांची सल्लागार समिती. सात नागरिक. मानधन काही नाही.

अट एकच होती. महापालिकेच्या सोमवारच्या सभेपर्यंत सात जणांचे अर्ज, सह्यांसकट.

नाहीतर ठराव बाद, आणि कमानवेशीच्या दुभाजकावर पुरुषभर उंचीचं लोखंडी कुंपण. या टोकापासून त्या टोकापर्यंत, फट म्हणून नाही. चालणाऱ्यानं अर्धा किलोमीटर लांबच्या पुलावरून जावं. समिती झाली तर तो आराखडा आधी तिच्यासमोर ठेवावा लागणार होता.

तो दिवस शनिवारचा. आणि अर्ज... एकही नाही. फायलीत अर्जाचे सात कोरे कागद.

“सभा घेतलीस म्हणे,” अप्पा म्हणाले.

“घेतली. बायपासवरच्या हॉटेलात. साठ जण आले.”

“मग?”

“जेवले. टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, समितीचं स्टिकर गाडीच्या काचेवर लावता येईल का.”

मला हसू आलं. अप्पांना नाही.

“पत्रिका आहे का रे तिची?”

चंद्रहासनं फायलीतून काढून दिली. गुळगुळीत कागद, सोनेरी कड. अप्पांनी ती हातभर लांब धरली आणि मोठ्यानं वाचली.

“‘चालत्या गावासाठी चार पावलं.’ छान आहे. ‘सर्वांनी अगत्य यावे.’ हेही छान. ‘गाड्या लावण्याची उत्तम सोय आहे.’”

...

“ही शेवटची ओळ कुणासाठी, बाळ?”

चंद्रहासचे कान लाल झाले. “हॉटेल गावाबाहेर आहे, अप्पा. तिथं चालत कोण येणार?”

अप्पांनी एक फाटकं पान बाजूला ठेवलं.

मला एक गोष्ट आठवली. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस आमच्या दुकानातून दोनशे हात दोर घेऊन गेला होता. कशाला, तर सभेत लोकांना साहेबांपासून लांब ठेवायला. संध्याकाळी साहेबांची जीप मैदानातल्या चिखलात रुतली, तेव्हा तोच दोर बांधून त्याच लोकांनी ती ओढून काढली. ही गोष्ट मी सांगणारच होतो. पण चंद्रहास पुन्हा बोलू लागला, आणि आता त्याचा आवाज चढला होता.

“माझी चूक असेल. मान्य. पण लोक तरी कसे आहेत बघा!” त्यानं फायलीतून फोटो काढले. “हा चौदा नंबर. कमानवेशीच्या दुभाजकातली फट. अकरा वर्षांत महापालिकेनं चारदा बुजवली, चारदा लोकांनी फोडली. कुंपण मलाही नकोय. मला तिथं रीतसर पट्टे हवेत, सिग्नल हवा. पण हे असं? मी अहवालात लिहिलंय, ‘नागरिकांमध्ये शिस्तीचा अभाव.’ आणि हा पंधरा नंबर. हा रिक्षावाला रोज भर रस्त्यात रिक्षा आडवी घालतो. दोनदा तक्रार केली मी याची. अशा गावात सात माणसं मिळायची कुठून?”

अप्पांनी परडी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चल. शेठ, तुम्हीपण या.”

“कुठं?”

“चौदा नंबरला.”

*

पावणेबाराचं ऊन. दोन्हीकडून एसटी, ट्रक, टमटम, मोटरसायकली. अप्पांनी हात छातीएवढा वर केला आणि चालू लागले. घाई नाही, थांबणं नाही. आम्ही मागोमाग. मला रोजची सवय आहे. चंद्रहास मात्र माझ्या दंडाला धरून होता. त्याची सायकल मी पाहिली आहे, रविवारी पहाटे मोकळ्या बायपासवर जाते. कमानवेशीत ती कधी दिसली नाही.

दुभाजकाच्या फटीपाशी अप्पा वाकले. तिथं जमिनीत एक गोल दगड पायरीसारखा बसवलेला आहे. त्याला त्यांनी बोटं लावली, मग ती कपाळाला लावली. देवळाच्या उंबऱ्याला लावावीत तशी.

“इथं कुठला देव?” चंद्रहासनं विचारलं.

“बस.”

“कुठं?”

“इथंच. दुभाजकाच्या कट्ट्यावर.”

त्यानं पांढऱ्या पँटकडं पाहिलं, कट्ट्यावरच्या धुळीकडं पाहिलं. बसला. मीही बसलो.

पस्तीस वर्षं मी त्या चौकात दुकान करतो आहे. ती फट झाल्यापासून ती पायरी रोज ओलांडतो. बसून ती पाहिली, त्या दिवशी पहिल्यांदा.

ती जात्याची तळी होती, जात्याचा खालचा दगड. मधलं भोक सिमेंटनं बुजवलेलं. कडेला टाकीच्या घावांच्या खुणा अजून ताज्या, आणि मधोमध दगड पावलांनी इतका गुळगुळीत झालेला, की त्यात आभाळ दिसावं.

“हे जातं इथं कुणी आणून टाकलं?” चंद्रहास म्हणाला.

“टाकलेलं नाही,” अप्पा म्हणाले. “बसवलेलं आहे.”

“कुणी?”

अप्पांनी फक्त बाजूच्या गजाकडं पाहिलं.

जुन्या कुंपणाचा तो तुटका गज. टोक असं, की पोट फाडेल. त्यावर निळ्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून घट्ट गाठ मारलेली. गाठीतली सुतळी मी पुढं वाकून पाहिली. सुतळी आमच्या दुकानातली होती. चौक झाडणारी गवराबाई दर महिन्याला दोन हात सुतळी मागून नेते. मी समजत होतो, खराट्याला लागत असेल.

तेवढ्यात तीच आली. खराटा कट्ट्याला टेकवला, कमरेची पिशवी सोडली, पट्ट्या उलगडून नव्या गुंडाळायला लागली. आम्ही तिघं तिथं बसलोय याचं तिला काहीच वाटलं नाही.

“हे तुम्ही बांधता?” चंद्रहासनं विचारलं.

“मग? कमिशनर येतोय व्हय बांधायला?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी सांगायचं त्यात? माझं लुगडं फाटलं हितं. आता दुसरीचं कशाला फाटावं?”

“किती वर्षं झाली?”

तिनं दातात सुतळी धरली होती. गाठ मारून झाल्यावर बोलली. “थोरली नववीत होती. आता तिच्या मांडीवर लेक हाय.”

चंद्रहास फायलीतून एक अर्ज काढून म्हणाला, “मावशी, आमच्या समितीवर याल?”

“काय करायचं असतंय तिथं?”

“महिन्यातून एकदा बसायचं. चालणाऱ्यांच्या अडचणींवर चर्चा.”

“नुसतं बसायचं?”

“हो.”

“नको बाबा. बसलं की माझी कंबर धरती.”

आता मात्र अप्पा हसले. चंद्रहासनं अर्ज फायलीत परत ठेवला.

समोरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. हातात दवाखान्याची पिशवी. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि दगड डुगडुगला. ते कलंडले. गवराबाईनं पुढं होऊन त्यांचा दंड धरला, दुसरा चंद्रहासनं.

“आजोबा, लागलं का?”

“नाही, नाही. काल हलत नव्हता हा,” म्हातारबुवा म्हणाले. दगडावरच चिडल्यासारखे बोलले आणि पुढं गेले.

गवराबाईनं वाकून बघितलं. “रात्री नळ फुटला नव्हं का. खालची माती गेली.”

“मी वॉर्ड ऑफिसला कळवतो,” चंद्रहास म्हणाला. फोन कानाला लावला. वाजला, वाजत राहिला.

“शनिवार आहे,” मी म्हणालो.

“मग सोमवारी सकाळी पहिलं हेच...”

अप्पांनी चौकापलीकडच्या शाळेकडं पाहिलं. “शेठ, शाळा कितीला सुटते आज?”

“बाराला.”

“आता किती झाले?”

“सात मिनिटं कमी.”

...

एक ट्रक गेला. कट्टा थरथरला.

चंद्रहासनं फोन खिशात ठेवला. बाह्या वर केल्या. मग पांढऱ्या पँटीनिशी तो रस्त्यात गुडघ्यांवर बसला.

“खापरी लागंल,” गवराबाई म्हणाली. “नुसती माती ऱ्हात न्हाई.”

त्यानं गटाराच्या कडेनं खापऱ्या वेचल्या. हातानं चिखल उकरला. तिनं खराट्याचा दांडा घालून दगड उचलून धरला, त्यानं आत खापरी सारली.

“अशी न्हाई, चपटी बाजू खाली. तुम्ही इंजनेर ना?”

“हो मावशी.”

“मग बघा की नीट.”

त्यानं नीट बघितलं. दुसरी खापरी घातली, तिसरी घातली. माती ठोकली. दगड बसला, पण एका अंगाला अजून केसभर हलत होता. तेवढी बारीक खापरी काही मिळेना. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, फाईल ओढली, वरचा कोरा अर्ज काढला, चौपदरी केला, अष्टपदरी केला आणि चिरेत ठोकून बसवला. दगडावर दोन्ही तळहात ठेवून सगळा भार दिला.

हलला नाही.

त्याच वेळी कर्कश ब्रेक वाजला. पंधरा नंबरचा रिक्षावाला आला होता. त्यानं रिक्षा रस्त्यात आडवी घातली, इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून समोर बघत बसला. मागून हॉर्न सुरू झाले. त्याच्या आईचा उद्धार झाला, बहिणीचा झाला. तो पावसात उभ्या असलेल्या बैलासारखा शांत. गाड्या त्याला वळसा घालून शिव्या देत निघून जात होत्या.

आणि त्याच्या आडोशाला, त्या वाहत्या रस्त्यावर, एका खोलीएवढी जागा मोकळी झाली होती.

शाळेची घंटा झाली.

मुलं आली. दोन, मग दहा, मग किती ते सांगता येणार नाही. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, धाकट्यांचे हात धरलेल्या थोरल्या बहिणी. त्या मोकळ्या जागेतून दुभाजकाकडं, गजाला घासून, पायरीवर पाय देऊन पलीकडं. एकानंही खाली पाहिलं नाही. गजाकडं पाहिलं नाही, रिक्षावाल्याकडं पाहिलं नाही. पाहायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

चंद्रहासला उठायला सवडच मिळाली नाही. तो तसाच गुडघ्यांवर, एक हात दगडाच्या कडेला. त्याच्या बोटांपासून चार अंगुळांवर पावलं पडत होती. पाऊल, पाऊल, पाऊल. दगड हूं की चूं करत नव्हता.

मी पुष्कळ यात्रा केल्या आहेत, मोठमोठ्या गाभाऱ्यांत उभा राहिलो आहे. असे आपोआप हात कुठं जोडले गेले नव्हते. इतकी वर्षं माझ्या दुकानासमोर हे रोज चाललं होतं, आणि मी गादीवरून म्हणत होतो, काय ही गर्दी.

शेवटची मुलगी गेली. रिक्षावाल्यानं इंजिन सुरू केलं आणि कुणाकडं न बघता निघून गेला. गवराबाई खराटा उचलून वेशीकडं झाडत गेली. खोलीएवढी जागा पुन्हा गाड्यांनी भरली.

चंद्रहास उठला नाही. बराच वेळ तो दगडाकडं पाहत राहिला. मग मातीनं भरलेली बोटं त्यानं दगडाला लावली आणि कपाळाला नेली. कपाळावर चिखलाची तीन बोटं उमटली.

“अप्पा...” त्याचा आवाज पार बसला होता. “सोमवार परवावर आलाय. माझ्याकडं अजून एकही...”

अप्पांनी वाकून त्याची फाईल उचलली. धूळ झटकली. आतले कोरे अर्ज एकेक करून मोजले, सहा भरले. त्याच्या कपाळावरच्या चिखलाकडं पाहत फाईल त्याच्या हातात दिली.

“एक मिळाला,” ते म्हणाले. “आता सहाच हवेत.”